आत्याने लिहिलेली गुरुवारची पावती

आमच्या आत्याला माणसाचा चेहरा लक्षात राहत नाही, बाही राहते. रस्त्यात कोणी थांबून "ओळखलंत का?" असं विचारलं की ती आधी त्याच्या कोपराकडे बघते आणि मग खुलून म्हणते, "हो तर. तपकिरी लोकरीचा कोट, डावा कोपर, सिगारेटने जळालेला." त्या गृहस्थाने सिगारेट सोडून दोन वर्षं झाल्याचं बायकोला सांगितलेलं असतं आणि बायको शेजारीच उभी असते. अशी बरीच चांगली चांगली घरं आत्याने चाळीस वर्षांत मुळापासून हलवली आहेत, तीही अगदी निर्मळ मनाने.

तिचा धंदा रफूचा. फाटलेलं, जळलेलं, कसरीने खाल्लेलं कापड ती असं विणून देते की मालकालाही जागा सापडत नाही. त्यासाठी धागा ती बाहेरून आणत नाही. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून, कोणी बघणार नाही अशा जागेवरून, एकेक तंतू सोडवून घेते. बाहेरचा धागा चुगलखोर असतो, असं तिचं म्हणणं. दोन धुण्यांत त्याचा रंग फिरतो आणि तो सगळं सांगून टाकतो.

दुकान जिन्याखाली आहे. आठ फूट लांब, सहा फूट रुंद. रस्त्याच्या बाजूला काच, काचेला लागून टेबल, टेबलावर भिंग आणि वाकड्या मानेचा दिवा. मागे एक पडदा आणि पडद्यामागे तिची राहायची खोली. आत्याचे यजमान गेले तेव्हापासून ती तिथे एकटीच असते. एकटी म्हणजे, फाटक्या कपड्यांसोबत. भोक दिसलं की तिचा हात आवरत नाही. आमच्या लग्नाच्या फोटोत यच्चयावत मंडळी कॅमेऱ्याकडे बघत आहेत आणि आत्या माझ्या सासऱ्यांच्या खिशाकडे. फोटो काढून होताच तिने त्यांना बाजूला नेऊन कोट उतरवायला लावला. सासरेबुवा पुढचा तासभर बिनकोटाचे, हाताची घडी घालून, सगळ्यांशी फार नम्रपणे वागले.

हे मी कौतुकाने सांगतो आहे खरा, पण याच हातांनी गेल्या हिवाळ्यात आत्याला अशा पेचात टाकलं की आमच्या घरात महिनाभर कोणी मोकळेपणाने शिंकलंही नाही.

झालं असं. भर दुपारी तीन वाजता ती एका गिऱ्हाइकाचा सूट पिशवीत घालून दुकानाकडे येत होती. न्हाव्याच्या दुकानापाशी मागून एकाने पिशवीचा पट्टा ओढला. पिशवीत स्वतःचं काही असतं तर आत्याने सोडली असती, पण आत गिऱ्हाइकाचा सूट होता. तिने धरून ठेवली. मग त्या माणसाने ब्लेड काढलं. पट्टा कापला गेला, त्याबरोबर आत्याच्या कोटाची बाही मनगटापासून कोपरापर्यंत उघडली आणि आत हातावर लांबच लांब लाल रेघ उमटली. आत्या ओरडली. न्हाव्याच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी धावत बाहेर आलं आणि त्याने चोराला शर्टाला धरून खाली पाडलं. झटापटीत ब्लेड गटारात गेलं ते कायमचं.

पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेणाऱ्या हवालदाराला सगळी गल्ली नंतरसाहेब म्हणते. माणूस वाईट नाही. फक्त त्याचा आजच्या दिवसावर विश्वास नाही. तक्रारीची प्रत मागितली तर म्हणाला, नंतर या. हात डॉक्टरला दाखवून त्याचा कागद घ्यायचा का, असं विचारलं तर म्हणाला, नंतर बघू. आत्याच्या हातावरची रेघ नंतरपर्यंत थांबली नाही. आठवड्यात भरून आली आणि तिची कुठेही नोंद झाली नाही.

दरम्यान आत्याची झोप गेली होती. जिन्यावर पाऊल वाजलं की तिच्या हातातली सुई टोचे. दुपारी तीन वाजले की ती काचेपासून लांब, पडद्याजवळ जाऊन बसे. समोर खुंटीवर तो कोट, उघड्या बाहीचा. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला ते बघवेना. तिने कोट उतरवला, दुमडीतून धागे सोडवले आणि भिंगाखाली मान घातली. चार दिवस ती दुसरं काही करत नव्हती. काम करताना भीती वाटत नाही, असं ती मला म्हणाली. भिंगाखाली फक्त धागेच दिसतात, माणसं दिसत नाहीत. त्या चार दिवसांत तिने आयुष्यातलं सर्वांत सुरेख रफू केलं.

आठव्या दिवशी नंतरसाहेब उगवले. वरून विचारणा झाली होती. म्हणाले, कोट द्या, पुरावा आहे. आत्याने कोट दिला. त्यांनी बाही दिव्याखाली धरली, उलटी केली, सुलटी केली, चष्मा काढला, घातला, आणि विचारलं, काप कुठे आहे?

"नाही ना सापडत?" आत्या म्हणाली.

या तीन शब्दांत चाळीस वर्षांचा अभिमान होता. तो जेमतेम दोन सेकंद टिकला. मग तिने साहेबांचा चेहरा पाहिला, आणि चेहरे लक्षात न ठेवणाऱ्या माझ्या आत्याला तो चेहरा अजून आठवतो.

कागदावर नोंद झाली ती अशी, की कोटावर काप दिसून येत नाही. पकडलेला माणूस म्हणत होता की ब्लेड-बिड काही नव्हतं, नुसती ओढाओढ झाली. डॉक्टरचा कागद नाही, ब्लेड नाही, काप नाही. मग उरलं काय, तर ओढाओढ. नवव्या दिवशी त्याला जामीन मिळाला. तो सुटल्याचं त्याच्या वकिलाला कळलं, त्याच्या आईला कळलं, त्याला न्यायला आलेल्या दोन मित्रांना कळलं. कळलं नाही ते फक्त आत्याला.

तिला ते अकराव्या दिवशी काचेतून कळलं. समोर सायकलच्या दुकानाशी एकजण चहा पीत उभा होता. चेहरा तिला अर्थातच ओळखू आला नाही. शर्ट आला. उजव्या खांद्याला, शिवणीच्या जरा खाली, हाताएवढा फाटलेला, अर्ध्या दाढीच्या माणसाने ओढलेला. तो काही करत नव्हता. चहा पीत होता आणि दुकानाची पाटी वाचत होता. पाटीवर 'रफू' एवढी दोनच अक्षरं आहेत. तो ती पंधरा मिनिटं वाचत होता.

त्यानंतरच्या सोमवारी, सकाळी साडेअकरा वाजता, तो आत आला. आत आला म्हणजे दारात उभा राहिला. त्या दुकानात दारात उभं राहिलं की माणूस आत आलेलाच असतो.

"आत्या, रफू करता ना?" त्याने शर्ट टेबलावर ठेवला. "खांद्याला फाटलाय. तुमच्यापायीच फाटला, म्हटलं तुमच्याकडेच द्यावा."

आत्याने खुर्ची मागे ओढली. पण हातांना कोणी सांगितलंच नव्हतं की हे गिऱ्हाईक वेगळं आहे. हातांनी शर्ट उचलला, भिंगाखाली पसरला, धागा बोटात चोळून पाहिला. तोंडातून आपोआप शब्द बाहेर पडले, की सूत विरलंय, वेळ लागेल, गुरुवारी चार वाजता या. हातांनी पावतीपुस्तक ओढलं. आणि सवयीने ती विचारून गेली, "नाव?"

तो हसला. "नाव तुमच्या तक्रारीत आहे की." मग पावती घडी करून खिशात घालता घालता म्हणाला, "तक्रारीचंही रफू होतं का बघा. तिथे काही होतं असं दिसायला नको."

आणि गेला.

दुपारी आत्याचा मला फोन आला. तुला वेळ आहे का रे, काही घाई नाही, असं म्हणाली. आत्या घाई नाही म्हणाली की मी चप्पल शोधायलाही थांबत नाही. यजमान गेले त्या दिवशीही तिने असंच सांगितलं होतं.

संध्याकाळी आमच्या घरी बैठक बसली. बैठक म्हणजे मी, माझी बायको, आत्या आणि आत्याचे थोरले भाऊ, म्हणजे माझे वडील. त्यांना सगळे दादा म्हणतात. दादांची प्रत्येक कचेरीत ओळख आहे. अडचण एवढीच की ओळखीची माणसं दादांच्याही आधी निवृत्त झाली. त्यांनी सवयीने दोन जणांची नावं काढली. त्यातल्या एकाच्या वर्षश्राद्धाला आम्ही जाऊन आलो होतो, याची बायकोने हळूच आठवण करून दिली. मग दादांनी धोरण बदललं. म्हणाले, शर्ट शिवून दे, पैसे घेऊ नको, वर दोन गोड शब्द बोल आणि तक्रार मागे घे. या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या म्हणजे चार लोकांत शोभा. मिटवून टाक.

आत्या बराच वेळ टेबलक्लॉथच्या चुरगळलेल्या कोपऱ्याशी चाळा करत होती. मग म्हणाली, "दादा, त्याला माझं दार माहीत झालंय. मिटवलं म्हणून ते तो विसरणार आहे का?"

दादांनी चष्मा पुसायला घेतला. आमच्या घराण्यात पुरुषांना काही सुचलं नाही की चष्मे फार स्वच्छ होतात.

मंगळवारी सकाळी मी आणि आत्या ठाण्यात गेलो. नंतरसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, आणि पावतीचा विषय निघताच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्याने धमकी दिली का, असं त्यांनी विचारलं. काय शब्द वापरले? रफू? रफूत धमकी कुठे आली? आणि पावती तुमच्या अक्षरात, तुमच्या सहीची? मग ते गिऱ्हाईक झालं की हो. मी म्हटलं, तो सुटल्याचं आम्हाला कळवायला हवं होतं. ते म्हणाले, पत्ता अपुरा होता. पत्ता त्यांनीच लिहिला होता, आणि ठाणं दुकानापासून साडेतीनशे पावलांवर आहे. आत्याने येताना मोजली होती. हल्ली ती सगळीकडची पावलं मोजते. पळायचं झालं तर किती, हे ठाऊक असावं म्हणून.

परत येताना ती दर दहा पावलांना मागे बघत होती. मी शेजारी असूनही. खरं सांगायचं तर मी शेजारी असण्याचा तिला फारसा आधार वाटत नसावा, आणि माझी अंगकाठी पाहता त्यात तिची चूक नव्हती.

दुकानाशी एक वकीलबाई खोळंबल्या होत्या. त्यांचा काळा गाऊन कोपराला उसवला होता, तो न्यायला आल्या होत्या. गाऊन तयार होता, पण आत्याच्या हातून तो कागदात बांधला जाईना. दोनदा सुतळी सुटली. बाईंनी काय झालं म्हणून विचारलं, आणि आत्याने, जिने गेल्या दोन आठवड्यांत माझ्याशीही धड वाक्य पुरं केलं नव्हतं, एका परक्या बाईला उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या की त्या जमिनीचे खटले चालवतात, यातलं त्यांना फार कळत नाही. पण कोर्टाच्या तळमजल्यावर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून, एक खोली आहे. ज्यांच्यावर गुन्हा झाला त्यांच्यासाठीच आहे. फी लागत नाही. उद्या अकराच्या आत जा, नंतर तिथल्या बाई सुनावणीला वर जातात. गाऊन अंगावर चढवून त्या दारापर्यंत गेल्या, कोपर डोळ्यांजवळ धरला आणि पुटपुटल्या, कुठे उसवला होता हो?

आत्याने मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदा तिला ते वाक्य टोचलं.

बुधवारी सव्वादहाला आम्ही त्या खोलीपुढच्या बाकावर होतो. दारावर 'पीडित साहाय्य कक्ष' अशी पाटी. आत्या पाटी वाचून परत फिरली. म्हणाली, मी पीडित-बिडित नाही, मला एवढंच हवंय की त्याने उद्या येऊ नये. तिला बाहीला धरून आणावं लागलं.

आतल्या बाईंना भयंकर सर्दी झाली होती. त्या गोळ्या चघळत, नाक पुसत, घोगऱ्या आवाजात बोलत होत्या, आणि टेबलावर फायलींचा असा डोंगर होता की त्यांचं फक्त नाक आणि नाकावरचा रुमाल दिसत होता. पण ऐकायच्या अशा की मध्ये एक शब्द नाही. आत्याने सगळं सांगितलं आणि शेवटी, शाळेत काच फोडल्याची कबुली द्यावी तसं, खाली बघून म्हणाली की दोन्ही चुका तिच्याच. कोट तिनेच विणला आणि पावतीही तिनेच दिली. आता तिच्या बाजूने काय राहिलं?

बाईंनी तोंडातली गोळी गालात ढकलली.

"कोट जसाच्या तसा ठेवा, हे तुम्हाला सांगणं कोणाचं तरी काम होतं," त्या म्हणाल्या. "डॉक्टरकडे पाठवणं कोणाचं तरी काम होतं. तो सुटला हे कळवणंही. ती कामं झाली नाहीत. तुम्ही तुमचं काम केलंत, तेवढंच इथे वेळेवर झालेलं दिसतंय."

आत्याने वर पाहिलं. मीही पाहिलं, कारण दोन आठवड्यांत तिच्याशी असं कोणी बोललं नव्हतं, माझ्यासकट.

मग बाईंनी कागद ओढले. त्यांचं सांगणं असं, की ज्याच्यावर गुन्हा झाला तो माणूस म्हणजे खटल्यातला बघ्या नव्हे. आपल्या तक्रारीची प्रत त्याला मिळायला हवी. खटल्यात काय चाललंय ते त्याला कळायला हवं. आरोपीला सोडताना आपल्याला भीती वाटते हे त्याला सांगता यायला हवं, आणि सुटलेला माणूस दारात येऊन उभा राहिला तर कोर्टाकडे संरक्षण मागता यायला हवं. यातलं काही अडवलं गेलं तर त्याचीही तक्रार करता येते, वरच्या अधिकाऱ्याकडे, लेखी, पोच घेऊन. तोंडी नको. तोंडी बोललेलं, त्या म्हणाल्या, या इमारतीत पंख्याच्या वाऱ्याने उडून जातं.

एक अर्ज कोर्टासाठी झाला, एक नंतरसाहेबांच्या वरिष्ठांसाठी. पत्ता आत्याने स्वतः लिहिला, जिन्याच्या पायऱ्यांच्या संख्येसकट. मग बाईंनी विचारलं, तो शर्ट कुठे आहे?

आत्याने पिशवीतून काढला.

"याला हात लावला नाहीत ना?"

मी आत्याकडे बघितलं. आत्या फायलींच्या डोंगराकडे बघत होती.

"आत्या," मी म्हटलं.

"सहाच धागे काढलेत," ती म्हणाली. "दुमडीतले. परत घालू का?"

बाईंना ठसका लागला. सर्दीचा होता की कसला ते रुमालामुळे कळलं नाही. डोळे पुसून त्या एवढंच म्हणाल्या, की कृपा करून आता कशात काही घालू नका आणि कशातून काही काढू नका. त्यांनी शर्ट कागदी पाकिटात घातला, वर तारीख टाकली आणि आत्याची सही घेतली. अर्ज आजच आत जाईल, पण सुनावणी कधी लागेल ते सांगता येत नाही, उद्या लागली तर नशीब. मी चार वाजण्याची आठवण करून दिली. त्यांनी मान हलवली. त्यांनाही ते आठवत होतं.

त्या दिवशी आत्या आमच्याकडे राहायला आली. जेवली नाही. दादांनी तिच्या पानात स्वतः वाढलं, ते तसंच राहिलं. संध्याकाळी सहा वाजता कक्षातून फोन आला, की उद्या साडेअकरा, दुसरा मजला. त्यानंतर घड्याळाकडे कोणी बघायचं नाही असं आम्ही न ठरवता ठरवलं आणि सगळे घड्याळाकडेच बघत बसलो.

गुरुवारी दादाही आले. शोभा होईल म्हणणारे दादा सर्वांत आधी तयार होऊन, बूट घालून दारात उभे होते. कोर्टाच्या पायऱ्या चढताना त्यांनी आत्याचा हात धरला होता. कोण कोणाला चढवत होतं ते सांगणं कठीण.

तो माणूसही होता. धुतलेला, भांग पाडलेला, आई शेजारी. आत्याला त्याच्यासमोर बसायला लागू नये म्हणून सर्दीवाल्या बाई मध्ये येऊन बसल्या आणि आडोसा म्हणून फाइल उघडून धरली.

त्याच्या वकिलांनी सुरुवातीलाच पावती काढली. बघा, ते म्हणाले, तक्रारदार बाईंनी आमच्या अशिलाचं काम स्वखुशीने स्वीकारलं, स्वतःच्या हाताने पावती दिली, आजची चार वाजताची वेळही दिली. ज्याची भीती वाटते त्याला कोणी चार वाजता या म्हणतं का? आणि कोटाला तर काप नाहीच.

दादांनी चष्मा काढला.

न्यायाधीश मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी सरकारी वकिलांना विचारलं, सरकारी वकिलांनी कक्षातल्या बाईंकडे पाहिलं, आणि कक्षातल्या बाई उभ्या राहून घोगऱ्या आवाजात म्हणाल्या की तक्रारदार हजर आहेत, त्यांना स्वतः बोलायचं आहे.

आत्या उठली. तिने लाकडी कठडा धरला. पहिली दोन वाक्यं कोणालाच ऐकू आली नाहीत. न्यायाधीशांनी पाणी द्यायला सांगितलं. आत्याने पाणी घेतलं नाही. विचारलं, कोट बघता येईल का?

कोट आणला गेला. आत्याने डोळे मिटून बाहीवरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबवलं. इथून, ती म्हणाली, इथपर्यंत. मग आवाज जरा मोकळा झाला; ती कामावर बोलत होती. तिने सांगितलं की ओढून फाटलेलं कापड एका रेषेत फाटत नाही. धागे मागेपुढे तुटतात, वेडेवाकडे, आणि विणताना बोटभर रुंदीची जागा भरावी लागते. ब्लेडने कापलेल्या जागी सगळे धागे एकाच ओळीत तुटलेले असतात. तिथे दोन दोरे रुंदीची जागा पुरते. माझं विणकाम दोन दोरे रुंद आहे, कोपरापर्यंत. दिसत नसेल, पण भिंगाखाली मोजता येईल. आणि ते उसवायचं असेल तर मला हरकत नाही. कोणाकडूनही उसवून घ्या.

शेवटचं वाक्य बोलताना ती कोटाकडे बघत नव्हती.

न्यायाधीशांनी विचारलं, "आणि पावती?"

"तो दारात उभा होता," आत्या म्हणाली. "दुकानाला दुसरं दार नाही."

एवढंच. मग खाली बसली. वकिलांनी पावती परत फायलीत ठेवली.

आदेश निघायला साडेबारा वाजले. कोट तपासणीला जायचा होता. त्या माणसाने आत्याच्या गल्लीत पाय ठेवायचा नाही, दुसऱ्या कोणाकरवी निरोप धाडायचा नाही. त्याचा शर्ट त्याला ठाण्यातून मिळेल, योग्य वेळी, सहा धागे कमी. आणि खटल्यात जे काही बदलेल ते बदलण्याआधी तक्रारदारांना कळवायचं, त्यांचं ऐकायचं.

इथे ढोल वाजायला हवेत, पण आमच्याकडे तसं काही झालं नाही. चार वाजता आम्ही तिघं त्या आठ बाय सहाच्या दुकानात एकमेकांच्या गुडघ्यांना गुडघे लावून बसलो होतो. आदेशाची प्रत आत्याच्या मांडीवर. कागद तर मिळाला, पण कागद दारात उभा राहून कोणाला अडवत नाही, हे तिघांनाही कळत होतं. चार वाजले, सव्वाचार वाजले. जिन्यावरून कोणी उतरलं की दादा छाती पुढे काढत. साडेचारला काचेवर सावली पडली आणि मी उठून उभा राहिलो. नंतरसाहेब होते. हातात तक्रारीची प्रत. वरिष्ठांनी बोलावून झापलं असावं, कारण त्यांनी चक्क पोच मागितली, आत्ताच्या आत्ता. म्हणाले, रोज संध्याकाळी एक चक्कर टाकीन. आत्याचं लक्ष त्यांच्या पोटाजवळच्या तुटक्या बटणाकडे गेलं. तिने नजर काढून घेतली. केवढे कष्ट पडले असतील.

त्यानंतर आत्या एकदम शूर झाली, असं काही नाही. अजूनही ती दुपारी तीनच्या सुमारास काचेपासून खुर्ची मागे ओढते. पावलं मोजते. नवं गिऱ्हाईक दारात उभं राहिलं तर त्याला आत येऊन बसायला सांगते, म्हणजे दार मोकळं राहतं. कोट अजून तपासणीतच आहे. ती जुना पातळ कोट घालून कुडकुडते आणि नवा घेऊ म्हटलं तर ऐकत नाही.

साडेतीन आठवड्यांनी, मी दुकानात असतानाच, फोन वाजला. आत्याने हात पुसले आणि उचलला. पलीकडून कोणीतरी तिचं पूर्ण नाव विचारत होतं. तिचा चेहरा उतरत गेला. ती नुसती हं, हं करत होती. मी खुणेने विचारलं, काय? तिने फोनवर हात ठेवला आणि मला म्हणाली, त्याने अर्ज केलाय. गल्लीतून जायची परवानगी मागतोय. काम मिळालंय म्हणे पलीकडच्या गोदामात.

माझ्या मनात आलं, संपलं. पुन्हा पहिल्यापासून सगळं. आत्या रिसीव्हर धरून उभी होती. पलीकडचा आवाज काहीतरी वाचून दाखवावं तसं विचारत होता, आणि जिन्याखालच्या त्या शांततेत मला तो स्पष्ट ऐकू आला. तुम्हाला यावर काही म्हणायचं आहे का?

आत्याने बसायला खुर्ची शोधली नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. पावतीपुस्तकाची मागची बाजू उलटी केली आणि पेन उघडलं.

"म्हणायचंय," ती म्हणाली. "किती वाजता येऊ?"